जुन्या जीपचा डायनामो : एका आवाजाचा अभ्यास

आमच्या विद्यालयाची जुनी पेट्रोल जीप बहुतेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. १९६८ साली तयार झालेली ही गाडी संस्थेने एका लिलावात घेतली. तेव्हापासून वसतिगृहाचे धान्य, आठवडी बाजार, परीक्षेचे साहित्य आणि आजारी मुले यांची ने-आण तिने केली. आता तिच्या जोडीला नवी गाडी आली आहे; तरी नवी गाडी बाहेरगावी असली की रात्रीबेरात्री जीपच काढावी लागते. स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून संस्थेच्या वाटचालीवर काही यावे अशी त्यांची अपेक्षा असणार. ती वाटचाल या अंकात इतरांनी आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने मांडली आहे. आम्ही जीपच्या एका भागाविषयी, तिच्या डायनामोविषयी लिहिणार आहोत.

गेल्या पावसाळ्यातील एका रात्री आठवीच्या एका मुलाच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. नवी गाडी जिल्ह्याच्या गावी गेलेली. आम्ही, वसतिगृहाचे अधीक्षक आणि चालक असे तिघे मुलाला जीपमध्ये घेऊन निघालो. रुग्णालय ३१ किलोमीटर. निम्मा रस्ता सरला नाही तोच पुढच्या दिव्यांचा उजेड पिवळा पडू लागला, मग तांबूस झाला, आणि इंजिन झटके देऊ लागले. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी बॅटरीतूनच मिळते; बॅटरी रिकामी झाली तर दिवे जातातच, शिवाय गाडीही थांबते. चालकाने मोठे दिवे मालवले. सुदैवाने दुधाचा एक टेम्पो पुढून चालला होता. त्याच्या मागच्या लाल दिव्याचा माग धरून, केवळ बारीक दिव्यांवर, आम्ही उरलेले ९ किलोमीटर काटले. मुलाचे अपेंडिक्स काढावे लागले. आज तो बरा आहे आणि खो-खोच्या संघात आहे.

त्या रात्री रुग्णालयाच्या ओट्यावर बसलो असताना एक गोष्ट आम्हांला स्वतःशी कबूल करावी लागली. डायनामो चार महिने ओरडत होता. इंजिन सुरू झाले की बॉनेटखालून घरघर येई. मुले तिला "जीपचा खोकला" म्हणत. आम्हीही हसत असू. ॲमीटरचा काटा दिवे लावले की उणेकडे झुकतो, हे चालकाने दोनदा सांगितले होते. आवाज आणि काटा या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की एका साधनावर विसंबू नये, दोन साधने ताडून पाहावीत. स्वतःच्या अंगणातील दोन साधने मात्र आम्ही ताडली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या एका गॅरेजात जीप नेली. तेथील कारागिराने डायनामो उतरवून पुढचे बेअरिंग बदलले. आठ दिवस आवाज कमी झाला, नवव्या दिवशी परत आला, आणि या वेळी त्यात घासल्याचा सूर मिसळला होता. गॅरेजवाल्यास सर्वस्वी दोष देता येत नाही. घरघर म्हणजे बेअरिंग हे समीकरण शंभरात कितीतरी वेळा खरे ठरते. परंतु आमच्या डायनामोच्या बाबतीत ते अर्धेच खरे होते.

पुढचे काम आम्ही विद्यालयातच करावयाचे ठरवले. आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा एस.टी.च्या आगारात विद्युत कामाचे मिस्त्री होते. निवृत्तीनंतर ते गावीच असतात. सारी मुले त्यांना मिस्त्रीबाबा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. नववीतील सात मुले व चार मुली रोज संध्याकाळी त्यांच्याभोवती जमत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सर, आवाज कसा आहे ते मागाहून. आवाज कुठून निघतो ते आधी. हाक एकीकडून येते, माणूस भलतीकडेच असतो."

ही जागा शोधण्याची त्यांची रीत सविस्तर सांगण्याजोगी आहे. जीपमध्ये पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या अंगाला चिकटतो. म्हणून प्रथम पट्टा पाहावयाचा. पट्टा सैल असेल तर वेग वाढवताच किंचाळी येते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला थेंबभर पाणी लावले आणि किंचाळी बदलली तर दोष पट्ट्याचा. मधोमध अंगठ्याने दाबले असता तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा. त्याहून ताठ बांधला तर बेअरिंगवर अकारण ओढ बसते. आमचा पट्टा ठीक होता. नंतर पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले. पट्ट्याविना पाण्याचा पंप थांबतो, म्हणून याहून अधिक काळ चालवू नये. आवाज पूर्ण बंद झाला. म्हणजे इंजिन निर्दोष. पंखा हाताने फिरवला, तो गुळगुळीत फिरला; म्हणजे पंपही निर्दोष. राहिला डायनामो.

तो उतरवण्याअगोदर व्होल्टमीटर लावला. डायनामोवर दोन टोके असतात : जाड वायरीचे 'डी', जेथून वीज बाहेर येते, आणि बारीक वायरीचे 'एफ', जे आतील चुंबकाच्या वेटोळ्यांना, म्हणजे फील्ड कॉइलला, वीज पुरवते. दोन्ही वायरी सोडवून पट्टा चढवला आणि इंजिन चालवून नुसत्या 'डी'वर मोजले, तर दीड व्होल्ट मिळाले. हे शुभलक्षण, आतील लोखंडात थोडे चुंबकत्व टिकून आहे असा त्याचा अर्थ. मग 'डी' आणि 'एफ' तारेने एकमेकांस जोडून वेग हळूहळू वाढवला. निरोगी डायनामो अशा वेळी मध्यम वेगालाच २० व्होल्टच्या पुढे जातो, आणि तेथेच हात आखडावा लागतो. आमचा काटा ९ व्होल्टवर थरथरत राहिला. म्हणजे बिघाड डायनामोच्याच आत होता. कटआउट आणि रेग्युलेटरच्या पेटीचा त्यात संबंध नव्हता. अनेकजण प्रथम ती पेटी उघडून तिचे स्क्रू फिरवतात आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

बॅटरीची तार काढून डायनामो टेबलावर घेतला. मिस्त्रीबाबांनी आता जी चाचणी दाखवली तिने मुले अक्षरशः थक्क झाली. 'डी' आणि 'एफ' जोडून त्यांनी बॅटरीचे एक टोक तेथे व दुसरे डायनामोच्या अंगाला लावले. डायनामो मोटारीसारखा आपोआप फिरू लागला! वीज देणारे यंत्र वीज घेऊन फिरते, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृतीसह आहे. आमची मुले ती आकृती बिनचूक काढतात. फिरताना मात्र ती प्रथमच पाहत होती. या चाचणीचा दुसरा लाभ असा की इंजिनाचा गोंगाट नसल्याने आवाज निर्भेळ ऐकू येतो. लांब लाकडी काठीचे एक टोक कानाला आणि दुसरे डायनामोच्या अंगाला लावून एकेक मुलाने ऐकले. पुढच्या टोकाला, जेथे नवे बेअरिंग होते, केवळ मंद गूंज. मागच्या टोकाला मात्र खरखर, आणि तिच्यात ठरावीक अंतराने टक्-टक्.

येथे डायनामोची अंतर्रचना सांगणे भाग आहे. बाहेरचे नळकांडे लोखंडी. त्याच्या आतल्या भिंतीला दोन लोखंडी तुकडे आणि त्यांवर फील्ड कॉइलची वेटोळी. मध्ये फिरते ते आर्मेचर : खाचा पाडलेला लोखंडी गाभा आणि खाचांतून गुंडाळलेली तांब्याची तार. तारेची टोके कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेली. दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ पडदा. कम्युटेटरवर दोन कार्बन स्प्रिंगने दाबून बसतात आणि वीज बाहेर काढतात. आर्मेचर आणि त्या लोखंडी तुकड्यांमधील फट अगदी थोडी ठेवलेली असते, कारण फट वाढली की चुंबकाचा जोर घटतो. आता आर्मेचरचा आस तोलला जातो तो दोन टोकांना. पुढे, पट्ट्याच्या बाजूला, गोळ्यांचे बेअरिंग. मागे मात्र साधी सच्छिद्र कांस्याची बुश, जी आपल्या छिद्रांत तेल धरून ठेवते. त्या बुशीसाठी मागच्या झाकणावर तेल सोडण्याचे एक बारीक भोक असते.

आमच्या डायनामोच्या झाकणावर ते भोक दिसेना. मिस्त्रीबाबांनी टोच्याने खरवडले तेव्हा काळ्या रंगाच्या दोन थरांखाली ते सापडले. काही वर्षांपूर्वी एका समारंभासाठी जीप रंगवली होती. त्या वेळी बॉनेटखालीही हात फिरला होता. रंग कोणी दिला याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. त्या कामाची देखरेख आमच्याकडेच होती आणि गाडी किती छान दिसते म्हणून आम्ही कौतुकही केले होते.

मग सारा घटनाक्रम उलगडला. भोक बुजले म्हणून बुश कोरडी पडली. कोरडी बुश झिजून अंडाकृती झाली आणि आर्मेचरचे मागचे टोक खाली बसले. ते त्या लोखंडी तुकड्यांना घासू लागले. तुकड्यांवर घासल्याची चकाकी स्पष्ट दिसत होती. आस वाकडा फिरल्याने पुढच्या बेअरिंगवर तिरपा भार आला आणि ते अकाली गेले. गॅरेजात बदलले गेले ते बेअरिंग असे बळी पडलेले होते. दुसरीकडे कम्युटेटर हेलकावे खाऊ लागल्याने कार्बन उडू लागले, ठिणग्या पडल्या, तांबे जळून काळे झाले, आणि वीज घटली. आवाज आणि अंधार यांचे मूळ एकच निघाले : थेंबभर तेलाचा अभाव. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही तात्कालिक कारण आणि मूळ कारण असा भेद शिकवतो, आणि मुले परीक्षेपुरता तो पाठ करतात. त्या संध्याकाळी एका मुलीने विचारले, "सर, मग बेअरिंग हे तात्कालिक कारण का?" तीस वर्षांच्या अध्यापनात हा भेद इतक्या थोड्या शब्दांत कोणी आम्हांस परत दिला नव्हता.

टेबलावरचे हे यंत्र ज्याच्या शोधातून निघाले त्याची कथा आम्ही मुलांना काम चालू असताना सांगितली. मायकेल फॅरेडे १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळेचे शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली, टिपणे काढली, स्वतःच्या हाताने ती बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासास गेला असताना त्याला खासगी नोकराची कामेही करावी लागली, आणि डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकराच्याच पंक्तीस बसविले. या वाक्यावर आमच्या वाचकांना भाष्याची गरज नाही. मुलांनाही पडली नाही. कार्बनवरची स्प्रिंग हातात धरलेला मुलगा क्षणभर थांबला आणि पुन्हा कामाला लागला.

याच फॅरेडेने १८३१ च्या २९ ऑगस्टला लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून एकातील वीज चालू-बंद केली असता दुसऱ्यात क्षणिक वीज उमटते हे पाहिले. ऑक्टोबरमध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड वीज मिळवली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पिक्सी या उपकरणकाराने हाताने फिरवावयाचे जनित्र केले, आणि आंपेरच्या सूचनेवरून त्याला प्रवाहाची दिशा एकच ठेवणारा कम्युटेटर जोडला. पुढे १८६६ च्या अखेरीस वेर्नर सीमेन्सने दाखवले की जनित्राला कायमचे चुंबक लागतच नाहीत. लोखंडात मागे उरलेले किंचित चुंबकत्व थोडी वीज उत्पन्न करते, ती वीज वेटोळ्यांत जाऊन चुंबक बळावते, त्यातून आणखी वीज येते. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनाही त्याच सुमारास हे सुचले होते. मोटारगाड्यांत डायनामो रुळला तो याच्या बऱ्याच नंतर; विशेषतः १९१२ मध्ये अमेरिकेत विजेचा स्टार्टर असलेली गाडी आल्यावर बॅटरी आणि तिला भरणारे जनित्र यांची गरज वाढली. त्यापूर्वी गाड्यांच्या दिव्यांत कार्बाइडचा वायू जळत असे.

आता दुरुस्तीकडे वळू. जुनी बुश ठोकून काढता येत नाही, कारण मागून झाकण बंद असते. मिस्त्रीबाबांनी तिच्यात आटे पाडणारा टॅप घट्ट पिळला आणि टॅपसह बुश ओढून काढली. नवी बुश इंजिन ऑइलमध्ये पूर्ण २४ तास बुडवून ठेवली. मुलांना ही दिरंगाई असह्य झाली. पण छिद्रांत तेल मुरल्याविना ती बसवली तर पुन्हा तीच कथा. बसवताना नेमक्या मापाचा गुळगुळीत दांडा आत घालून दाबावयाची, आणि नंतर आतून रीमर मुळीच फिरवावयाचा नाही. धारेने छिद्रे बुजतात.

आर्मेचर तालुक्याच्या वाइंडिंगच्या दुकानात नेऊन ग्राउलरवर ठेवले. हा एक विद्युतचुंबक असतो. आर्मेचर त्यावर ठेवून हॅकसॉचे पाते एकेका खाचेवर धरतात, आणि तारांत आपसांत शॉर्ट असेल तेथे पाते थरथरते. आमचे पाते कोठेही थरथरले नाही. फील्ड कॉइलचा रोध ६ ओहमच्या आसपास भरला, म्हणजे तीही शाबूत. रिवाइंडिंगचा खर्च वाचला. लेथवर कम्युटेटरचा जळका थर अगदी हलक्या हाताने उतरवून घेतला. त्यानंतर तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक पृष्ठभागापासून सुमारे ०.८ मिलिमीटर खाली कोरावे लागते, नाहीतर झिजणाऱ्या तांब्यातून कठीण अभ्रक वर डोके काढते आणि कार्बन त्यावर ठेचकाळतात. ऐकू येणारी टक्-टक् बहुधा तीच. हॅकसॉचे पाते दगडावर घासून पातळ केले आणि मुलांनी दोन संध्याकाळी खपून एकेक चीर कोरली. घाईने केलेल्या दोन चिरा वाकड्या गेल्या; मिस्त्रीबाबांनी त्या मुलाकडूनच नीट करून घेतल्या. शेवटची झळाळी बारीक काचकागदाने दिली. येथे एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण तांब्यात रुततात. नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईवर बसावेत म्हणून तोच काचकागद कम्युटेटरभोवती गुंडाळून त्यावर ते घासून घेतले.

जोडणी झाल्यावर डायनामो पुन्हा बॅटरीवर फिरवला. काठी कानाला लावणाऱ्या पहिल्या मुलाने काठीच खराब झाली का म्हणून विचारले! जीपवर चढवल्यावर एक संस्कार उरला होता. उघडझाप आणि ठोकाठोकीत लोखंडातील ते उरलेले चुंबकत्व नाहीसे किंवा उलटे होऊ शकते. म्हणून वायरी जोडण्यापूर्वी 'एफ' टोकाला बॅटरीच्या चालू टोकाचा क्षणभर स्पर्श द्यावयाचा. बारीक ठिणगी पडते आणि लोखंडाला दिशा मिळते. आमच्या जीपमध्ये ऋण टोक सांगाड्याला आहे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक असते, तेथे हे आधी पाहून घ्यावे. त्यानंतर 'डी' आणि 'एफ' जोडून वेग वाढवला. काटा ९ ओलांडून, १५ ओलांडून २० च्या पुढे गेला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि चालकाने घाईने वेग उतरवला.

या सर्व खटाटोपाची गरज होती काय, असा प्रश्न आमच्या एका माजी विद्यार्थ्याने विचारला. तो पुण्यात अभियंता आहे. डायनामो काढून स्वखर्चाने अल्टरनेटर बसवून देण्याची त्याची तयारी होती. त्याचे म्हणणे खरे आहे. इंजिन मंद चालत असता डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, अल्टरनेटर तेव्हाही बॅटरी भरतो; १९६० नंतर जगभरच्या गाड्यांत डायनामो मागे पडला तो याच कारणाने. रोज रुग्ण नेणारी गाडी असती तर आम्ही त्याचे ऐकले असते, आणि कोणी विचारल्यास हाच सल्ला देऊ. परंतु हे जनित्र नववीची मुले उघडू शकतात, त्यातील प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहू शकतात. त्याने देऊ केलेल्या पैशांतून आम्ही जीपला नवी बॅटरी, आणि मुलांना व्होल्टमीटर व पान्यांचा एक संच घेतला. त्याने ते आनंदाने मान्य केले.

झाकणावरील भोकाभोवती आता पांढऱ्या रंगाचे वर्तुळ काढले आहे. वसतिगृहाच्या कार्यालयात हजेरीपटाशेजारी एक वही टांगली आहे; दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नववीची दोन मुले भोकात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडतात, पट्टा दाबून पाहतात, दिवे लावून ॲमीटरचा काटा पाहतात आणि सही करतात. वहीत एक रकाना 'आवाज' असा आहे. मागच्या महिन्यात तेथे एका मुलीने लिहिले आहे : "नाही. पण पाण्याच्या पंपाकडे एकदा ऐकावे." मिस्त्रीबाबा रविवारी येणार आहेत.